मेलोची सात कडवी

मेलोची हेक तुम्ही ऐकलेली आहे. नाही म्हणू नका. गेली दोन वर्षं मानसा ते मोगा रस्त्यावर एक ट्रॅक्टर, एक ढाबा, एक लग्नाचं पॅलेस दाखवा जिथं ते गाणं वाजलेलं नाही. गाणं सुरू होतं तेव्हा ढोल नसतो, काही नसतं, नुसता एका बाईचा आवाज येतो. लांब, उंच, शेतापलीकडच्या माणसाला हाक मारावी तसा. त्याला आम्ही हेक म्हणतो. मिर्झा, म्हणजे मिर्झा-साहिबांची गोष्ट, गायचा असेल तर आधी कानावर हात ठेवून हेक द्यावी लागते, त्याशिवाय मिर्झाला सुरुवातच होत नाही. तर ती हेक संपते न संपते तोच धाडकन ढोल पडतो आणि एक पोरगा साहिबांच्या नावानं बोटं मोडायला लागतो. मग सगळं पॅलेस नाचतं. ती हेक देणारी बाई कोण, असं मला आजवर एकानंही विचारलेलं नाही.

म्हणून मीच सांगतो. कुणी विचारील म्हणून बसलो तर वर जायची वेळ येईल.

मी रुलदू. जातीनं मीरासी, लग्नकार्यात गाणारे-वाजवणारे, म्हणजे फटकळ बोलणं हा आमचा वाडवडिलांपासूनचा धंदा. माझ्या हातात तुंबी असते. मुठीएवढा भोपळा, एक काठी, एक तार, आणि ती छेडायला एक बोट. एवढ्या भांडवलावर मी बत्तीस वर्षं अजैबसिंग आणि हरमेल कौर या जोडीच्या मागं उभा राहिलो. हरमेल म्हणजेच मेलो. पोस्टरवर त्या दोघांचे फोटो असायचे आणि खाली बारीक अक्षरात 'आणि पार्टी'. पार्टी म्हणजे मी आणि एक ढोलकवाला. ढोलकवाले दर दोन वर्षांनी पळून जायचे.

मिर्झाची गोष्ट आमच्याकडं दात यायच्या आधी कानात पडते. साहिबांचं लग्न दुसऱ्याशी लागणार असतं, त्या दिवशी मिर्झा तिला घोडीवर घालून पळवून नेतो. वाटेत जंडाच्या झाडाखाली त्याला झोप येते. मागून तिचे भाऊ येतायत. मिर्झाचा नेम चुकायचा नाही, भाऊ मरतील, म्हणून साहिबां त्याचे बाण मोडून टाकते. भाऊ येतात आणि मिर्झाला मारतात. गोष्ट एवढीच. पण या एवढ्याशा गोष्टीवरून आमचे गडी पिढ्यान् पिढ्या बायकांना बोल लावत आलेत. पोरीनं फोन उचलला नाही, साहिबां. बायको माहेरी जाऊन चार दिवस जास्त राहिली, साहिबां. पोरगा परीक्षेत नापास झाला तरी कुठून तरी एक साहिबां निघतेच. आणि गाणी तर विचारू नका. तबकड्यांच्या काळात, कॅसेटच्या काळात, आता मोबाइलच्या काळात, ज्याला दुसरं काही सुचत नाही तो मिर्झावर गाणं करतो. मीही त्यावरच पोट भरलं, नाही कशाला म्हणू.

मेलोचा मिर्झा वेगळा होता. तो तिच्या आईकडून आलेला.

मेलोची आई चिंतो. मानशाजवळच्या एका गावात बायका हिवाळ्यात चरखे घेऊन एका ओसरीत बसायच्या, सूत काततकातत गायच्या. तिथं गड्यांना मज्जाव. त्या ओसरीतली साहिबां मार खाऊन गप्प बसणारी नव्हती. ती मिर्झाला उत्तर द्यायची. बाण का मोडले, ते सात कडव्यांत सांगायची. ही सात कडवी चिंतोला तिच्या आईनं दिली, चिंतोनं मेलोला दिली, आणि कुठल्याही गड्यानं ती कधी ऐकलेली नव्हती. मी ऐकली ती अपघातानं. भटिंड्याच्या वाटेवर आमची मॅटडोर बंद पडली, अजैब मिस्त्री शोधायला गेला, आणि मेलो रस्त्याकडेच्या बांधावर बसून स्वतःशीच म्हणत होती. मी गाडीखाली वंगणात माखलेला. बाहेर आलोच नाही. सातवं कडवं संपेपर्यंत तसाच पडून राहिलो.

एकोणीस वर्षांची असताना ती अजैबच्या जोडीला उभी राहिली, आणि तीन भावांनी जाहीर करून टाकलं की आम्हाला बहीण नाही. चार माणसांत गाणारी बहीण त्यांना नको होती. चिंतो मात्र मेळ्यात चोरून भेटायची, पदराखाली खव्याच्या वड्या घेऊन यायची. अशाच एका मेळ्यात तिनं मेलोचा हात धरून सांगितलं, "आम्ही जन्मभर ती कडवी भिंतींना ऐकवली. तू माइकवर गातेस. एकदा गड्यांपुढं म्हण. पुरी म्हण, मधे तुटू देऊ नकोस." पुढच्याच थंडीत चिंतो गेली. मेलो गावी पोचली तेव्हा धाकट्या भावानं, बिक्करनं, दारात आडवा हात घातला. आईचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही. गोठ्याच्या भिंतीला टेकून ती दुपारपर्यंत बसून राहिली आणि तिरडी समोरून गेल्यावर उठली. मी बरोबर होतो. मी काय करणार होतो?

तेव्हापासून तिला एकच ध्यास. आईची सात कडवी, गड्यांपुढं, पुरी. बाकी तिला काही नको होतं. घर नको, नाव नको, फोटो तर मुळीच नको.

आणि हे एवढं साधं काम बत्तीस वर्षांत झालं नाही. आठवलं की डोक्यात तिडीक जाते.

गाण्याच्या जलशाला आम्ही आखाडाच म्हणतो, आणि आखाड्याचे नियम कुस्तीपेक्षा कडक. जोडीचं गाणं सवालजवाबाचं असतं. एक कडवं बाईचं, एक गड्याचं. बाईचं कडवं 'मिर्झ्या' या हाकेवर खाली उतरलं की मी तारेवर तीन ठोके द्यायचे. तो गड्याला इशारा. तिसऱ्या ठोक्यावर तो आपलं कडवं उचलतो. आणि शेवटचं कडवं गड्याचंच. ते बाईचं कधी झालं नाही.

मेलो दर वर्षी बैसाखीला अजैबला विचारायची. मोसम सुरू व्हायचा तेव्हा तो खुशीत असायचा. अजैब माणूस वाईट नव्हता हो. तिच्या नवऱ्याचा ट्रक उलटून तो गेला तेव्हा वर्षभर तिच्या घरी गहू यानंच टाकला. पण कडव्यांची गोष्ट काढली की हा नाकानं कांदे सोलायला लागायचा. म्हणायचा, "मेलो, आखाडा बाईवर उठला तर लोक म्हणतील अजैब हरला."

"अजैब कशाला हरेल? मिर्झा हरेल."

"लोकांना त्यातला फरक कळत नाही. मलाही कळत नाही."

मग पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी पाऊस, त्याच्या पुढच्या वर्षी अजैबचा घसा, मधली काही वर्षं तर बंदुकांची, अशी वाईट गेली की अंधार पडायच्या आत दारं लावून घ्यायची, गाणं कुठलं आणि काय. ती वर्षं सरली, पुन्हा आखाडे सुरू झाले, पुन्हा बैसाखी, पुन्हा तेच. एकदा लुधियान्यात कॅसेटवाल्याकडं ती एकटी गेली. त्यानं दीड कडवं ऐकलं आणि चहा मागवला. म्हणाला, बीबी, साहिबां रडते ती विकली जाते, साहिबां शिव्या खाते ती त्याहून जास्त विकली जाते, पण साहिबां वाद घालते ती कॅसेट कोण घेणार? चहा पिऊन ती परत आली. चहा चांगला होता, एवढंच तिनं मला सांगितलं.

मग पॅलेस आली आणि डीजे आले, आणि आमचा बाजार उठला. अजैब घरी बसला, मी गावात लग्नाकार्याला शिधा मागत फिरायला लागलो, मेलो कापूस वेचायला जायला लागली. साठीच्या घरातली बाई, आवाज तसाच खणखणीत, आणि दिवसभर बोंडं वेचतेय. वेचणाऱ्या बायकांना ती सात कडवी ऐकवायची का, म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाली, बायकांना ती आधीच ठाऊक आहेत वीरा, त्यांना कशाला ऐकवू? वीरा म्हणजे भाऊ, मला ती तशीच हाक मारायची.

अशात लवजोत उगवला. अजैबचा भाचा, मोहालीत गाणी करतो, स्वतः लिहितो, स्वतः गातो, स्वतःच्या गाडीच्या काचेवर स्वतःचं नाव. मेलोच्या अंगणात खाटेवर बसून त्यानं तिचे पाय धरले. म्हणाला, बीबीजी, सध्या मिर्झाला फार मागणी आहे, पण सगळे नकली गातायत, मला खरा आवाज पाहिजे. मातीचा आवाज. तुमच्यासारखं आता कोण राहिलंय? असं अर्धा तास त्यानं तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. मेलोनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "सात कडवी घेशील?"

"सात काय, सत्तर घेतो."

मी तिथंच बसलो होतो. पोराच्या तोंडून ते इतक्या लगेच आलं की माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. पण मेलोचं तोंड असं उजळलं की मी मूग गिळून गप्प बसलो. अजैबसुद्धा खूश झाला. स्टुडिओत शेवटचं कडवं कुणाचं याची त्याला फिकीर नव्हती, तिथं लोकच नसतात ना.

मोहालीला आम्ही बसनं गेलो. तिनं मोहरीच्या फुलाच्या रंगाचा सूट घातलेला, मांडीवर तुपाचा डबा, आत लवजोतसाठी केलेल्या पिन्या, म्हणजे आमच्याकडचे कणकेचे लाडू. स्टुडिओ तळघरात, वर मोबाइलच्या कव्हरांचं दुकान. पोरानं तिला काचेच्या खोलीत उभं केलं, ओढणीवरूनच कानांवर ते मोठे हेडफोन चढवले. हेक द्यायला तिनं हात कानाकडं नेला तर कान सापडेना. काचेअलीकडं मी आणि लवजोत हसलो, तीही हसली. शेवटी हात तिनं त्या हेडफोनवरच ठेवला. लवजोत म्हणाला, बीबीजी, आधी एक हेक द्या, आवाजाचा अंदाज येऊ दे. तिनं हेक दिली. पडद्यावर हिरव्या रेघा कारंज्यासारख्या उडाल्या. त्यानं अंगठा वर केला. "आता म्हणा कडवी."

ती सातही म्हणाली. डोळे मिटून, एकेक शब्द जागेवर. मी काचेअलीकडं होतो आणि मला रडू येत होतं. आणि पडद्यावरची रेघ सपाट होती. मला ती दिसत होती हो. हेकेच्या वेळी नाचणारी रेघ आता आडवी पडलेली, आणि लवजोत मोबाइलवर कुणाला तरी काहीबाही लिहीत बसलेला. मी मनात म्हटलं, रुलदू, तुला यंत्रातलं काय कळतंय, एका तारेचा माणूस तू. पिन्यांचा डबा त्यानं स्पीकरवर ठेवून घेतला.

तीन महिन्यांनी मेलोनं ते गाणं ऐकलं ते पिठाच्या चक्कीवर. रांगेत उभी होती, बाहेर ट्रॅक्टरवर लागलं. आपली हेक ऐकून ती हातातली पिशवी खाली ठेवून पुढं गेली, आता पहिलं कडवं येणार म्हणून. आणि ढोल पडला. मग लवजोत. मित्रांनो, हिच्या हाती जीपची चावी देऊ नका, हिच्या भरवशावर झोपू नका, ही साहिबां आहे, बाण मोडते. असलं काहीतरी. दर चार ओळींनी मेलोची हेक कापून कापून लावलेली, कोंबड्याची मान मुरगाळावी तशी. सात कडव्यांतला एक शब्द नाही. ट्रॅक्टरवरचा माणूस तिला ओळखत होता. म्हणाला, ताई, तुमचं गाणं लई भारी आहे.

मीच फोन लावून दिला. लवजोत आनंदानं उड्या मारत होता. बीबीजी, कोटी लोकांनी ऐकलं, परदेशात गोरे नाचतायत तुमच्या हेकेवर. मेलो म्हणाली, कडवी कुठायत? तो म्हणाला, ती लांब आहेत हो. लोक पंधरा सेकंदांत पुढं सरकतात. मी ती घेतलीच नव्हती, उगाच तुमचं मन कशाला मोडा म्हणून म्हणू दिली. हे त्यानं असं सांगितलं की जणू उपकारच केले. तोंडाला पानं पुसली आणि वर पुण्य पदरात. मी फोन हिसकावून घेऊन त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मीरासी काय चीज आहे ते त्याला त्या दिवशी कळलं असेल. मेलो बिचारी पीठ घेऊन घरी गेली.

यानंतर शहाण्या माणसानं कानाला खडा लावला असता. पण गेल्या फाल्गुनात अजैबच्या नातीचं लग्न निघालं, आणि लवजोत पुन्हा दारात. वरात मेलोच्या माहेरच्या गावाहून यायची होती. लवजोत म्हणाला, मामाच्या नातीच्या लग्नात मी माझं गाणं म्हणणार, आणि हेक बीबीजी स्वतः समोर उभ्या राहून देणार. असं कुणी केलेलं नाही. मी त्याला हाकलायला उठलो होतो. मेलोनं मला बसवलं. म्हणाली, हेक देईन. पण आधी सात कडवी पुरी म्हणेन, आणि त्यावर कुणी काही म्हणायचं नाही. मग तुझा ढोल वाजव.

लवजोत कुरकुरला. पण या वेळी अजैब बोलला. सत्तरी उलटलेला, हात कापतात, आवाजाची चाळण झालेली. म्हणाला, "म्हणू दे तिला. मी तुला पोरीची शपथ घालतो, म्हणू दे." मला वाटतं त्याला स्वतःचीच लाज वाटत होती. बत्तीस वर्षांची लाज, उशिरा का होईना.

अजैबच्या अंगणात आम्ही तालीम केली. जुन्या पद्धतीनं तिघंच, कारण मेलो म्हणाली अजैब बाजूला उभा नसेल तर मिर्झा कुणाला म्हणू. त्यानं नुसतं उभं राहायचं. कडव्यामागून कडवं ती म्हणणार, मधे गड्याचं काही नाही. आणि मला तिनं समोर बसवून सांगितलं, "वीरा, सहा कडव्यांपर्यंत नुसता सूर धरून ठेव. सातवं लागलं की तुंबी मांडीवर. त्यानंतर कसलाही आवाज नको. आईचं शेवटचं आहे ते." मी म्हटलं, तू काळजी करू नकोस. तीनदा तालीम झाली, तीनदा तुंबी मांडीवर. मला काय, लहान पोराला जमेल असं काम.

लग्नाचा दिवस. दुपारची वेळ, पॅलेसमध्ये हजार माणूस, एकीकडं पकोडे आणि जिलेबीचे काउंटर, मधे नाचायची जागा, वर स्टेज. वरातीत बिक्कर आला होता. तिघा भावांतला एकटा तोच उरलेला, दाढी पांढरी, हातात काठी. मेलोला मी दाखवला. तिनं बघितलं आणि ओढणी सारखी केली. त्याच्या ध्यानातही नव्हतं की आज कोण गाणार आहे.

तिनं हेक दिली आणि अख्खं पॅलेस आरडलं. कोटी लोकांनी ऐकलेली हेक, आता जिवंत. सगळ्यांचे मोबाइल वर. पोरं नाचायच्या जागेत घुसली, ढोल कधी पडतोय म्हणून खांदे उडवत उभी. आणि ढोल पडला नाही. पहिलं कडवं आलं. पोरांना कळेना. कुणी शिट्टी मारली, कुणी ओरडलं की मावशी, गाणं लावा. दुसऱ्या कडव्याला निम्मी पोरं जिलेबीकडं वळली. मेलो थांबली नाही. तिसऱ्याला मी बघितलं, खुर्च्यांवरच्या म्हाताऱ्या बायका उठून पुढं येतायत. त्यांचे ओठ हलत होते. चौथ्याला गडीही गप्प व्हायला लागले. चौथं असं आहे:

बाण मोडले, हो, मीच मोडले.
पण तू झोपलास कसा, ते कुणी विचारलं?
तीन घोड्यांची धूळ मला दिसत होती,
तुला स्वप्नं पडत होती, मिर्झ्या.

बिक्कर काठीवर रेलून स्टेजच्या अगदी खाली येऊन उभा राहिला होता. त्यानं तिला ओळखलं होतं, आणि मला वाटतं कडवीही ओळखली होती. ओसरीत गड्यांना मज्जाव असला तरी ओसरीला भिंत होती, आणि भिंतीपलीकडं लहान असताना कोण झोपत होतं? त्याचं तोंड उघडं राहिलेलं. सातव्या कडव्याला तिनं अजैबकडं पाठ केली आणि सरळ बिक्करकडं बघून म्हणाली:

एकीकडं तू, एकीकडं माझ्याच आईचं दूध प्यालेले तिघं.
भावांनो, तुम्हाला वाचवलं ते तुम्ही विसरलात,
याला मारलं ते जगानं लक्षात ठेवलं.
यात माझं कोण राहिलं,
ते तरी सांग, मिर्झ्या.

हजार माणूस, आणि पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. बिक्करनं काठी बगलेत धरली आणि दोन्ही हात जोडायला पुढं आणले. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, हात एकमेकांजवळ आले होते.

आणि माझ्या बोटानं तीन ठोके दिले.

तुंबी मांडीवर होती. पण हात तिच्यावरच होता, आणि 'मिर्झ्या' कानावर पडलं. मी ठरवलं नाही, मला कळलंही नाही, तार वाजल्यावर मला ऐकू आलं. तिसरा ठोका पडला आणि अजैबनं, त्या पोरीची शपथ घालणाऱ्या अजैबनं, छाती भरून घेतली आणि फाटक्या आवाजात गड्याचं शेवटचं कडवं उचललं. भावांची झाली ती यारांची झाली नाही, अशीला घोडीवर घेऊ नका. पहिली ओळ संपल्यावर त्याला कळलं. त्याचे डोळे मी बघितले, थांबायचं होतं त्याला. पण पॅलेसनं छप्पर डोक्यावर घेतलं होतं. हे त्यांच्या ओळखीचं होतं. अडकलेला श्वास सगळ्यांनी एकदम सोडला, हास्य, शिट्ट्या, आणि लवजोतला वाटलं हाच मोका, त्यानं ढोल पाडला. बिक्करचे हात सुटले. तोही हसला. सुटका झाल्यासारखा हसला, खिशातून नोट काढली, आणि स्टेजवर चढून अजैबच्या डोक्यावरून ओवाळली.

परतीच्या वाटेला टेंपोत आम्ही दोघंच मागं होतो. मी तिला म्हटलं, मेलो, बोट घसरलं गं. ती म्हणाली, घसरलं नाही वीरा, जिथं पडायचं तिथंच पडलं. मी म्हटलं, पुन्हा करू, पुढच्या लग्नात, मी तुंबी घरीच ठेवून येतो, बोट बांधून येतो. मी बडबडत होतो, ती बाहेर गव्हाकडं बघत होती. तिचं गाव आलं. उतरण्याआधी तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"आईनं गड्यांपुढं म्हण म्हटलं होतं. म्हटलं," ती म्हणाली. "ते ऐकतील असं तिनं कुठं सांगितलं होतं? तू मनाला लावून घेऊ नकोस."

त्यापेक्षा तिनं मला शिव्या घालायला हव्या होत्या. मीरासी आहे मी, शिव्या मला पचतात. हे मला अजून पचलेलं नाही.